पासंग

छायाबाईंना न्यायला सांभाळ केंद्राची गाडी आली. गाडीची पायरी चढताना त्यांनी सवयीने “आई गं” म्हटलं आणि आतल्या परिचारिकेने ते लगेच हातातल्या पाटीवर नोंदवून घेतलं. पायरी जेमतेम अर्धा फूट होती आणि छायाबाई ती चांगली चढल्या होत्या. त्याची नोंद कुणी केली नाही.

नंदकुमार हेरवाडे फाटकात उभे होते. बायकोच्या कंबरेला लावायच्या तेलाची बाटली त्यांच्या हातातच राहून गेली होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तरी ते तिथेच उभे होते. जयसिंगपूरच्या गल्ल्या फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ, त्यामुळे जाणारं माणूस बराच वेळ दिसत राहतं. त्यांना आठवत होता तो आठ दिवसांपूर्वीचा प्रश्न. घरातल्या ‘सोबत’ने आपल्या गोड आवाजात विचारलं होतं, “हेरवाडेकाका, छायाताईंना रोज दुखतं का?” आणि चौतीस वर्षं सरकारी नोकरीत एकदाही खोटं न लिहिलेल्या हेरवाड्यांनी सांगितलं होतं, “हो, दुखतं.”

या ‘सोबत’ नावाच्या बोलक्या यंत्रणेबद्दल थोडं सांगायला हवं. आता ती घरोघरी आहे, आणि घरोघरी असलेल्या वस्तूकडे कुणी नीट बघत नाही.

माणूस म्हातारपणी परावलंबी होतो तो बहुधा एकाच दुखण्याने होत नाही, असं संशोधकांच्या लक्षात आलं होतं. तीन गोष्टी एकमेकींचा हात धरून येतात. गुडघा दुखतो म्हणून माणूस कमी चालतो. कमी चालला की मांड्या झडतात, तोल जातो, शरीर नाजूक होतं. पडायच्या भीतीने तो घरात बसतो आणि घरात बसला की मन उतरतं. मेंदूत वेदनेची आणि उदासीची वाट बरीचशी एकच असल्यामुळे उतरलेल्या मनाला तोच गुडघा दुप्पट दुखतो. मग तो आणखी कमी चालतो. संशोधकांनी हा फेरा आकड्यात बसवला. फरशीखाली कागदाएवढा पातळ पडदा घातला. त्यावर दाब पडला की किंचित वीज निर्माण होते आणि कुठला पाय ओढला जातोय, माणूस उभा आहे की आडवा झालाय, हे समजतं. खुर्चीतून उठायला किती वेळ लागतो ते खुर्ची सांगते. आवाजावरून मन ओळखतात. सपाट आणि मोजकं बोलणं म्हणजे मन उतरलेलं, वारंवार आणि चढउताराचं बोलणं म्हणजे मन ठीक. शिवाय वेदना दाखवणाऱ्या शब्दांची यादी आहेच, आणि त्या यादीतल्या प्रत्येक शब्दाला भार दिलेला आहे.

या सगळ्याचा मिळून शून्य ते शंभरमध्ये स्वावलंबनांक निघतो. लोक नुसतं ‘आकडा’ म्हणतात. पन्नासच्या खाली आकडा गेला की ‘सोबत’ घरातली जोखमीची कामं काढून घेते. गॅस तुमच्या हाताने पेटत नाही, जिन्याचं दार उघडत नाही. चाळीसच्या खाली गेला की माणसाला घरी ठेवणं हा कायद्याने निष्काळजीपणा ठरतो.

छायाबाई विशीपासून “आई गं” म्हणत आल्या होत्या. बसताना, उठताना, नारळ खवताना, शेजारणीच्या सुनेचा पगार ऐकल्यावर. त्यांची आईही म्हणायची, आणि त्या आईचीही आई. कंबर दुखायची हे खरं, पण बहात्तराव्या वर्षी कुणाची दुखत नाही? ‘सोबत’ने दिवसाला साठ-सत्तर “आई गं” मोजले आणि आकडा पन्नासच्या खाली उतरवला. गॅस बंद झाला. गॅस बंद झाला म्हणून छायाबाई स्वयंपाकघरात जाईनाशा झाल्या, खिडकीशी बसू लागल्या, बोलायच्या कमी झाल्या. सहा महिन्यांत आकडा सदतीस.

हेरवाडे वैधमापन निरीक्षक होते. किराणा दुकानातल्या तराजूपासून साखर कारखान्याच्या भुईकाट्यापर्यंत सगळं तपासून त्यावर सरकारी छाप मारायची, हे त्यांचं काम. एका कारखान्याचा काटा टनामागे बारा किलो खातो हे त्यांनी स्वतः त्यावर वजनं चढवून दाखवलं होतं आणि कारखान्याच्या अध्यक्षांसमोर सील ठोकलं होतं. तालुक्यात त्यांच्या नावाने दुकानदार वजनं पुसून ठेवत. असा माणूस गाडी गेल्यावर रिकाम्या स्वयंपाकघरात आला, बंद गॅसकडे बघत उभा राहिला आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काट्याने फक्त मोजायचं असतं. हा काटा मालाला हात लावत होता.

पण आता उशीर झाला होता.

*

सांभाळ केंद्र शिरोळ रस्त्याला आहे. स्वच्छ, हवेशीर, बाहेर जास्वंदी. कुणी ओरडत नाही, कुणी रागवत नाही. कुणाला काही करावंही लागत नाही. ताट समोर येतं, खुर्ची आपण होऊन उठवते, केस विंचरायलाही माणूस आहे.

हेरवाडे पंधरा दिवसांनी भेटायला गेले तेव्हा छायाबाई बागेतल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना बघून त्या उठल्या. हेरवाडे क्षणभर थबकले, कारण काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की ती उठताना काहीच बोलली नाही.

“बरी आहेस ना?” त्यांनी विचारलं.

“हळू बोला,” छायाबाई म्हणाल्या. “इथं झाडाला पण कान आहेत. मी आता ते म्हणत नाही. ओठ चावतो.” या भागातल्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल ‘येतो, जातो’ असंच बोलत. ‘सोबत’ने त्यापायी सुरुवातीला त्यांची अर्धी वाक्यं नवऱ्याच्या खात्यावर टाकली होती, आणि त्यावर दोघं खूप हसले होते.

“दुखतंय का पण?”

“दुखायला काही करावं तर लागतंय का? बसून असतो दिवसभर.” त्यांनी हाताची मूठ उघडून दाखवली. “परवा वाटी उचलायला गेलो तर हातात जोरच नाही. अहो, मला घरी न्या. दुखलं तर दुखू दे. मला माझी भाकरी थापायची आहे. इथं राहिलो तर मी बाकडंच होऊन जाईन.”

चौतीस वर्षं त्यांनी खोटी मापं पकडली होती आणि स्वतःच्या बायकोला चुकीच्या काट्यावर आपल्याच हाताने चढवलं होतं. त्यांनी तिथेच तिला शब्द दिला, “नेतो. पंचमीच्या आत नेतो.”

नियम त्यांनी कार्यालयात जाऊन विचारून घेतला. बाईंचा आकडा पन्नासच्या वर गेला पाहिजे आणि घरात सांभाळणाऱ्या जोडीदाराचा साठच्या वर हवा. दोन्ही तसेच टिकले पाहिजेत. हेरवाड्यांचा स्वतःचा आकडा चोपन्न होता. डावा गुडघा गेली चार वर्षं कुरकुरत होता आणि चालताना पाय ओढला जात होता.

मुलगी ऋतुजा पुण्याला. तिने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पप्पा, आई तिकडं सुरक्षित आहे. मी रोज सकाळी उठल्या उठल्या तुमचे दोघांचे आकडे बघते. ते नीट दिसले की मग दिवस सुरू होतो माझा. तुम्ही पडलात-बिडलात तर मी इथून काय करू?”

तिचं चूक होतं असं हेरवाड्यांना वाटेना. तिचं वय पन्नाशीकडे झुकलेलं, नोकरी, घर, सासू. इतक्या लांबून आईबापाची काळजी करायची तर हाताशी काहीतरी हवंच, आणि तिच्या हाताशी आकडा होता.

“काही होत नाही मला,” ते म्हणाले.

*

काटा कसा मारतात हे काटा पकडणाऱ्यालाच सगळ्यात चांगलं ठाऊक असतं. हेरवाड्यांनी आयुष्यभर पाहिलेल्या लबाड्या एकेक करून आठवल्या. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, पोकळ केलेलं वजन, आणि सगळ्यात जुना पासंग. रिकाम्या तराजूची पारडी एका पातळीत येत नसली की हलक्या बाजूला चिंधीत बांधून खडा लावतात, तो पासंग. तराजू सरळ करायला असतो म्हणून कुणी त्याला पाप म्हणत नाही. हेरवाडे मात्र दुकानात शिरल्यावर पहिला हात पासंगालाच घालत. नव्वद टक्के चोरी त्या चिंधीत असते, असं ते नव्या निरीक्षकांना सांगत.

सगळ्यात जास्त पाय ओढला जायचा तो बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर. तिथल्या पावलांनीच त्यांचा आकडा खाली खेचला होता. त्यांनी बाजारातून गोठ्यात जनावरांखाली घालतात तो जाड रबरी गालिचा आणला.

“म्हशी किती आहेत?” दुकानदाराने विचारलं.

“एकच आहे, म्हातारी,” हेरवाडे म्हणाले.

बाथरूमभर गालिचा अंथरला. त्यावर डावा पाय आणि उजवा पाय फरशीखालच्या पडद्याला सारखेच वाटू लागले. सकाळी उठल्यावर ते मोठ्याने वर्तमानपत्र वाचू लागले, आवाजात चढउतार यावा म्हणून. खुर्चीतून उठताना मनात एक-दोन म्हणत आणि तीनच्या आत उभे राहत. गुडघ्यात कळ मस्तकापर्यंत जायची. दातांवर दात दाबून ते हसायचे, कारण हसलेलं ‘सोबत’ला ऐकू येतं. काही दिवसांत आकडा सत्तावन्न झाला, मग एकोणसाठ. त्यांना लाज वाटत होती आणि मजाही वाटत होती, ही गोष्ट त्यांनी स्वतःशी कबूल केली.

स्वतःचं जमलं. छायाबाईंच्या आकड्यात मात्र हात घालायला जागा नव्हती. तिथे त्यांनी सरळ मार्गाने जायचं ठरवलं. त्यांनी रीतसर हरकत अर्ज लिहिला. ‘आई गं हा उद्गार सदर महिलेच्या बाबतीत वेदनादर्शक नसून सवयीचा आहे, सबब त्याचा भार शून्य धरावा.’ नुसता अर्ज करून भागत नाही, पुरावा लागतो, हे सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला सांगायला नको. त्यांनी जुने व्हिडिओ शोधून काढले. ऋतुजाच्या पहिल्या वाढदिवसाला पंचविशीतली छाया केक कापायला वाकते आणि म्हणते, आई गं. नरसोबाच्या वाडीला घाट उतरताना, आई गं. मैत्रिणीने विनोद सांगितल्यावर हसून हसून, आई गं. अशा एकशे अकरा नोंदी त्यांनी तारखेसह जोडल्या.

कार्यालयातली अधिकारी तरुण होती. तिने सगळे व्हिडिओ बघितले, दोन-तीनदा हसलीसुद्धा.

“काका, अर्ज इतका व्यवस्थित मी पहिल्यांदा बघतेय,” ती म्हणाली. “मंजूर करायला हरकत नाही. तुमच्या घरापुरता या शब्दाचा भार शून्य होईल, मग तो घरातलं कुणीही म्हणो. मागच्या सगळ्या नोंदीही त्याप्रमाणे पुन्हा मोजल्या जातील.”

“उपकार झाले.”

“फक्त एक विचारते.” तिने पेन खाली ठेवलं. “खरंच दुखलं तर काकू काय म्हणतात?”

हेरवाड्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना उत्तर माहीत नाही. बाळंतपणातही ती काय म्हणत होती हे त्यांनी ऐकलं नव्हतं, तेव्हा पुरुषांना बाहेर बसवायचे.

“सांगेल की,” ते म्हणाले. “तोंड आहे तिला.”

तिने सही केली. छायाबाईंचा सदतीसचा आकडा त्याच दिवशी एकावन्न झाला. हेरवाडे घरी येताना छाती काढून चालले. गुडघ्याची आठवणसुद्धा आली नाही.

*

पंचमीच्या आदल्या दिवशी छायाबाई घरी आल्या. हेरवाड्यांचा आकडा एकसष्ट होता. उंबरा ओलांडताना त्या मोठ्याने “आई गं” म्हणाल्या, मग घाबरून नवऱ्याकडे बघितलं.

“म्हण, म्हण,” हेरवाडे हसत म्हणाले. “मंजुरी आणली आहे.”

त्या दिवशी गॅस पेटला. भाकरी झाली, झुणका झाला, छायाबाईंच्या गालावर पीठ लागलं. थापताना त्यांचा हात दमत होता, तरी दुसरी भाकरी पहिलीपेक्षा गोल झाली आणि तिसरी फुगली. हेरवाड्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चार भाकऱ्या खाल्ल्या.

मग हळूहळू घरात एक नवीनच रीत पडली. स्वयंपाकघराच्या दारावरच्या पडद्यावर दोघांचे आकडे दिसत. एकावन्न म्हणजे काठावरच. हेरवाडे उठता बसता तिकडे बघत. छायाबाई खिडकीशी दहा मिनिटं बसल्या की ते म्हणत, “जरा चार फेऱ्या मार.” त्या गप्प असल्या की म्हणत, “काहीतरी बोल.” दुपारी त्यांचा डोळा लागला तर ते भांडी वाजवत.

“तुम्ही माझ्याकडं बघतच नाही,” एकदा छायाबाई म्हणाल्या. “माझ्या डोक्यावर काय लिहिलंय ते बघता. त्या केंद्रातली पोरगी तरी निदान केस विंचरायची.”

हेरवाड्यांना हे लागलं. पण ते तरी काय करणार होते? आकडा घसरला की गाडी येणार, आणि या वेळी छाया परत येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी छायाबाई अंथरुणात उठून बसल्या त्या तशाच बसून राहिल्या.

“अहो, आज कंबर वेगळीच धरली आहे. पायात मुंग्या येतायत. डॉक्टरला—”

हेरवाड्यांनी पटकन ओठांवर बोट ठेवलं. ‘कंबर’, ‘मुंग्या’, ‘डॉक्टर’, तिन्ही शब्द यादीत होते. त्यांनी तिच्या कानाशी वाकून अगदी हळू आवाजात सांगितलं, “असं बोलू नको. दोन दिवस काढ, मग आपण बाहेरच्या बाहेर दाखवून येऊ. तोवर फारच झालं तर आई गं म्हण. ते चालतं. बाकी काही बोलायचं नाही.”

छायाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. केंद्रातल्या बाकावर त्या जशा बघत होत्या तसं त्यांनी बघितलं आणि मान हलवली.

पडद्यावरचा आकडा एकावन्नचा पन्नास झाला होता.

*

तो रविवार होता. हेरवाडे बाजाराला निघाले. छायाबाई नहायला जायची तयारी करत होत्या.

“कोवळी वांगी बघून आणा,” त्या म्हणाल्या.

“आणतो. येतो मी.”

बाजारात गर्दी होती. गुडघा ठणकत होता, पण बाहेर चाललेली पावलंही फोनमधून आकड्यात जमा होत, म्हणून ते ताठ चालत होते. वांगी घेतली, कोथिंबीर घेतली. फोन वाजला. ‘सोबत’चा निरोप होता. ‘छायाताई बाथरूममध्ये आहेत. आज बोलत्या आहेत.’ आकडा बावन्न.

हेरवाड्यांना हसू आलं. लग्न झालं तेव्हा ती नहाताना गाणी म्हणायची. सासरी मोठ्याने गायचं नाही म्हणून ती बंद झाली होती. आज घरात कुणी नाही म्हणून म्हणत असेल, त्यांना वाटलं. आपण घाईने परत गेलो तर गप्प होईल. त्यांनी क्रांती चौकाला आणखी एक फेरी मारली.

अर्ध्या तासाने पुन्हा निरोप आला. ‘छायाताईंच्या आवाजात आज छान चढउतार आहेत.’ चोपन्न.

त्यांनी एका टपरीवर चहा घेतला. खूप दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं. ओळखीचा एक जुना दुकानदार भेटला, आता त्याचा मुलगा दुकान बघतो. “साहेब, तुमची फार दहशत होती,” तो म्हणाला. दोघं जुन्या आठवणी काढून हसले. निघताना हेरवाड्यांनी फोन बघितला. छप्पन्न. इतका आकडा तिचा दोन वर्षांत झाला नव्हता. त्यांनी वाटेत तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

घरात शिरले तेव्हा सगळीकडे शांत होतं. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि नळ बारीक चालू होता.

छायाबाई गालिच्यावर कुशीवर पडल्या होत्या. एक पाय विचित्र बाहेर वळला होता. ओठ सुकलेले, केस ओले. त्यांनी डोळे उघडून नवऱ्याकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “आई गं.”

हेरवाड्यांच्या हातातली पिशवी पडली. आणि त्याच क्षणी त्यांची नजर आधी गेली ती स्वयंपाकघराच्या दाराकडे, पडद्यावरच्या आकड्याकडे. हे त्यांना पुढे कधी विसरता आलं नाही.

“गाडी बोलवा,” ते ओरडले. “ही पडली आहे. गाडी बोलवा.”

‘सोबत’ गोड आवाजात म्हणाली, “पडल्याची नोंद घरात आढळत नाही. फरशीवरचा दाब सर्वत्र सारखा आहे. कृपया खात्री करा.”

“मी सांगतोय ना.”

“कृपया खात्री करा.”

मग त्यांना समजलं. ते गुडघ्यांवर बसले, गालिच्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढायला लागले. गालिचा गोठ्यासाठी केलेला, म्हशीच्या वजनाने न हलणारा. छायाबाईंना धक्का न लावता त्यांच्या खालून तो काढता येत नव्हता. शेवटी त्यांनी रिकाम्या बाजूची कड दुमडून स्वतः उघड्या फरशीवर आडवं अंग टाकलं, बायकोच्या शेजारी, ओल्यात.

“पडल्याची नोंद झाली,” ‘सोबत’ म्हणाली. “हेरवाडेकाका, घाबरू नका. मदत निघाली आहे.”

एकसष्टचे अठ्ठेचाळीस झाले, मग त्रेचाळीस. हेरवाड्यांनी तिकडे बघितलं नाही. त्यांनी छायाबाईंचा हात धरला होता. हात गार होता.

“कधी पडलीस?”

“तुम्ही गेलात आणि लगेच.” त्या थांबून थांबून बोलत होत्या. “तुम्ही सांगितलं तसंच म्हटलं हो. दुसरं काही बोललो नाही.”

*

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना स्ट्रेचरवर उचललं तेव्हा गाडीतल्या माणसाने विचारलं, “फार दुखतंय का?” छायाबाईंनी ओठ चावला आणि मान हलवून नाही म्हटलं. इस्पितळातून त्या सरळ सांभाळ केंद्रात जातील, घरी नाही, हे तिथल्या बाईने हेरवाड्यांना समजावून सांगितलं. त्यांनाही आता एकट्याने बाहेर पडता येणार नव्हतं. दार त्यांच्या हाताने उघडणार नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं.

संध्याकाळी त्यांना घरी आणून सोडलं. ऋतुजाचा फोन आला. ती रडत होती. “पप्पा, असं कसं झालं? सकाळी मी आकडा बघितला. छप्पन्न होता. मी घरात सगळ्यांना दाखवला, म्हटलं, बघा माझी आई.” मोगऱ्याचा गजरा बाथरूमच्या दारात चुरगळून पडला होता.

फोन ठेवल्यावर त्यांनी पडद्यावर दिवसाची नोंद उघडली. नोंद तपासायची सवय जाणार कुठे? ओळी वेळेप्रमाणे लावलेल्या होत्या. आठ वाजून बावन्न मिनिटांपासून दहा वाजून बत्तीस मिनिटांपर्यंत एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता. सुरुवातीला मिनिटाला एक, मग लांब लांब. खाली बेरीज होती : ‘आई गं’, एकेचाळीस वेळा. भार, शून्य. मनःस्थिती, उत्तम. त्याखाली बारीक अक्षरात मंजुरीचा क्रमांक आणि अर्जदाराचं नाव, नंदकुमार बाळगोंडा हेरवाडे, निवृत्त वैधमापन निरीक्षक.

दुकानात शिरल्यावर ज्या चिंधीला ते पहिला हात घालत, ती चिंधी या वेळी त्यांनीच बांधली होती.

त्यांनी नोंद शेवटपर्यंत वाचली. एकेचाळीस ओळी, एकही न गाळता. मग गॅसजवळ ठेवलेलं पाणी घ्यायला ते उठले. डावा गुडघा लचकला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, “आई गं.”

पडद्यावर बेचाळीस झाले. भार शून्यच राहिला.